आडनाव सोडून जमीन धरायला सांगितलंत, त्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या सुनेचे खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात येऊन शेती करू लागले. त्यांचा माग काढताना तुम्ही जी मदत केलीत, तिचे आभार सगळ्यांसमोर मानायचे आहेत. असा शोध घेणाऱ्या इतरांनाही ती वाट कळावी.

"आडनावामागे धावू नका, आधी जमीन शोधा," हे तुमचं पहिलंच सांगणं. श्मिटचा स्मिथ होतो, पण सरकारी मोजणीत जमिनीचे जे चौकोनी तुकडे पाडले, त्यांचा टाउनशिप, रेंज, सेक्शन हा पत्ता बदलत नाही. सेक्शन ६४० एकरांचा. कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याने मिळायचा त्याचा चौथा हिस्सा, १६० एकर, तोही पाच वर्षं तिथे राहून जमीन कसल्यावर. सनदेची, म्हणजे सरकारने मालकी दिल्याच्या कागदाची, प्रत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारच्या जमीन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट दिसते. पण खरा ऐवज जमिनीच्या दाव्याच्या फाइलीत असतो, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्ही सनदेवरच थांबलो असतो. सनदेवरचा जमिनीचा तपशील, लँड ऑफिसचं (तिथल्या सरकारी जमीन कचेरीचं) नाव आणि दाखल्याचा क्रमांक घेऊन नॅशनल अर्काइव्ह्जकडे (अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे) ८४ नंबरचा फॉर्म भरायचा. फाइल म्हणजे जणू पंचनामाच: घर केवढं, किती एकर नांगरली, पीक काय, दोन साक्षीदारांचे जबाब. शिवाय परदेशातून आलेल्याच्या नागरिकत्वाचे कागद, कारण त्यांच्याशिवाय सनद मिळतच नसे.

सनद न सापडण्याची कारणंही तुम्हीच उलगडलीत. दावा मध्येच सोडला असेल तर सनद निघतच नाही. मग ट्रॅक्ट बुकातून, म्हणजे तुकड्यावार दाव्यांच्या सरकारी नोंदवहीतून, रद्द झालेली फाइल शोधावी लागते. जमीन रेल्वे कंपनीकडून घेतली असेल, तर खरेदीखत काउंटीच्या (जिल्ह्याच्या) दप्तरात.

१८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर गेले. ती पोकळी नेब्रास्काच्या १८८५ च्या जनगणनेने बरीचशी भरते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

जर्मनीतल्या मूळ गावाचं नाव मात्र कुठेच नव्हतं. १९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांवर बहुधा नुसतं 'प्रशिया' (तेव्हाचं जर्मन राज्य) असतं. चर्चच्या दफन नोंदवहीकडे वळवलंत तुम्हीच. जुन्या जर्मन वळणात 'ई' हे अक्षर 'एन'सारखं दिसतं, त्यामुळे नकाशात आम्ही भलतंच गाव शोधत बसलो होतो. तुम्ही एकेक अक्षर लावून खरं नाव वाचून दिलंत. त्या एका शब्दासाठी आम्ही तुमचे कायमचे ऋणी आहोत.