बाटली वर जाते, मग खाली का येत नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कापाकापी तुमच्या हातात.

आम्ही सात मित्र, सगळे चाळिशीच्या आसपासचे, दर बुधवारी संध्याकाळी कामं आटपून सायकली काढतो. बारीक चाकाच्या नव्हेत, एमटीबी म्हणजे माउंटन बाईक, जाड नक्षीचे टायर आणि पुढं शॉकअप. कधी शिवाजी पूल ओलांडून केर्लीवरनं जोतिबाच्या पायथ्याला, नाहीतर कळंब्याच्या पुढं गारगोटी रोड सोडून कात्यायनीच्या बाजूच्या माळाला. आणि राईड झाली की बसणं होतं, लपवण्यासारखं काय नाही, घरच्यांना माहितीय. दोघं न पिणारे आहेत, ते परत येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबतात, समोर म्हशीची धार काढून फेसासकट ग्लास हातात, आणि वर आम्हाला ऐकवतात की तुमच्या बिअरपेक्षा हे लय भारी. असेल की. तो वाद वेगळा.

गेल्या बुधवारी कात्यायनीच्या माळावर उताराला एकामागं एक तीन सायकली पंक्चर झाल्या. पहिल्यांदा वाटलं बाभळीचा काटा, आणि काट्याचं आम्हाला काय वाटत नाही, ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पांढरं पातळ सोल्युशन असतंय, काटा उपसला आणि चाक जरा फिरवलं की भोक बुजतंय. पण हे बाटलीचं फुटकं बूड होतं. टायरची साईड इंचभर फाटलेली, तिथं सीलंट नुसतं पांढरं थुंकत राहतंय. अंधार पडलेला, मोबाईलच्या उजेडात आत ट्यूब घातली आणि कापाच्या जागी दहाची नोट घडी घालून लावली, हा जुना जुगाड, घरापर्यंत चालतो.

तेवढ्यात एक धनगर मामा बॅटरी घेऊन आले, शेजारच्या रानात त्यांनी मेंढ्या बसवलेल्या. आमचं पंक्चर काढणं बराच वेळ बघत बसले आणि मग विचारलं, ते सोल्युशन मेंढीच्या खुराला चालंल का? आम्ही हसलो पण ते चेष्टा करत नव्हते. दोन मेंढ्या लंगडत होत्या, एकीच्या खुराच्या बेचक्यात काच आत गेलेली. आमच्या पिशवीतलं बीटाडीन आणि पट्टी दिली, दुसरं काय करणार.

आता कोण म्हणेल, पोलिसांनी माळावर बसणाऱ्यांना हाकलावं. हाकलतात की अधूनमधून, मग पोरं पुढच्या टेकडीला जातात, काच तिथं. माझं म्हणणं पिण्याबद्दल नाहीच, काचेबद्दल आहे. तामिळनाडूत निलगिरीत 2022 पासून दारूच्या बाटलीमागं 10 रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली दुकानात परत दिली की ते 10 रुपये परत मिळतात. मद्रास हायकोर्टानं सांगितल्यावर हे सुरू झालं, कारण जंगलात हत्तींच्या पायात काचा जायला लागल्या होत्या. तिथं सगळी दारू दुकानं सरकारी महामंडळाची, म्हणून जमवायला सोपं गेलं, आपल्याकडं दुकानं खाजगी, हे मान्य. पण प्रत्येक बाटलीवरचा टॅक्स सरकारला बरोबर वसूल करता येतो ना, मग दहा रुपयाचा हिशोब का जमू नये? उसाच्या मळीपासनं स्पिरिट होतंय आणि ऊस तर आमचाच, म्हणजे माल जाताना आमचा आणि काच होऊन परत आमच्याच रानात.

राज्य उत्पादन शुल्क खात्यानं निदान एका तालुक्यात, करवीर किंवा पन्हाळा, एक वर्ष हे करून बघावं.

आमच्या ग्रुपमधला एकजण कायदा सांगत असतो, की सायकल म्हणजे मोटार वाहन नव्हे, त्यामुळं पिऊन गाडी चालवण्याबद्दलची, मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची, 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आपल्याला लागत नाही. नसेल लागत. पण गारगोटी रोडला रात्री उसाच्या ट्रॉलीला मागं साधा रिफ्लेक्टर नसतोय, ती धडकताना कलम विचारत नाही. म्हणून आता माळावर फक्त पाणी, बसायचं ते घरी पोचून सायकल लावल्यावर.

आणि एक कबूल करतो. पहिल्या वर्षी आम्ही पण बाटल्या वरच सोडायचो. फोडायचो नाही, एका मोठ्या खडकामागं नीट ओळीनं लावून ठेवायचो आणि आपण लय शहाणे असं वाटायचं. त्या मामांशी बोलून झाल्यावर पुढच्या रविवारी पोती घेऊन मुद्दाम तो खडक शोधला. नऊ बाटल्या आमच्याच होत्या, ब्रँडवरनं ओळखल्या. त्यातल्या सहा फुटलेल्या.

आपला,
एक सायकलवाला, शिवाजी पेठ, कोल्हापूर