चित्र फुटलं म्हणून गेमचा बोर्ड भंगारात घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जत्रेतल्या व्हिडिओ गेमच्या आठवणींवर लेख आला होता. कुणकेश्वराच्या आणि आंगणेवाडीच्या जत्रेत रुपयाचं नाणं मुठीत धरून ‘मुस्तफा’ खेळायला ताटकळणारी मुलं मीही पाहिली आहेत, त्यामुळे लेख मनापासून वाचला. (कॅपकॉम कंपनीच्या १९९३ सालच्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातल्या एका खेळाडूच्या नावाने आपल्याकडे अख्खा गेम ओळखला गेला.) पण शेवटी लेखकाने लिहिलं आहे की ही यंत्रं बिघडली की त्यांना इलाज नाही, ती भंगारातच जायची. हे मला अजिबात मान्य नाही. मी मालवणात आयुष्यभर रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती केली आणि पार्लरवाल्यांचे, जत्रेतल्या स्टॉलवाल्यांचे गेमचे बोर्ड, म्हणजे यंत्राच्या आतल्या चिप बसवलेल्या पाट्या, माझ्याकडे नेहमी येत. अजूनही येतात. त्या अनुभवावरून सांगतो, पडद्यावर फुटलेलं चित्र दिसतं याचा अर्थ बोर्डाचा बहुतेक भाग जिवंत आहे. शिवाय ते कसं फुटलंय ते नीट बघितलं, तर दोष कुठे आहे हे पाना-पक्कड हातात घेण्याआधीच बरंचसं कळतं.

मागच्या पावसाळ्यानंतर देवगडकडचा एक तरुण बोर्ड घेऊन आला. त्याच्या वडलांचा जत्रेत फिरता स्टॉल होता. ‘काका, चित्र फुटलां हा. ह्यां आता भंगारात घालूचां काय?’ एवढंच तो म्हणाला. बोर्ड पॅकमॅनचा, म्हणजे जपानच्या नामको कंपनीच्या १९८० सालच्या गेमची कॉपी. आपल्याकडे असे कॉपी बोर्ड खूप आले. चालू केला तर भुलभुलैया स्वच्छ, ठिपके जागच्या जागी, वरचे आकडे बरोबर. फक्त पॅकमॅन आणि चारही भुतं अंगभर चिरलेली, पट्टे पट्टे झालेली.

आता हे चित्र कसं तयार होतं ते थोडं सांगावं लागेल. पॅकमॅनच्या बोर्डात पूर्ण चित्र कुठेच साठवलेलं नसतं. आपल्या छापखान्यात पूर्वी खिळे जुळवून पान उभं करत, तसं इथे पडद्याचं पान ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांतून जुळवलं जातं. आडवे २८ आणि उभे ३६, म्हणजे १००८ तुकडे. कोणत्या जागी कोणता तुकडा, एवढाच आकडा व्हिडिओ मेमरीत असतो. तुकड्यांचे आकार एका रॉममध्ये, म्हणजे कायमची माहिती भरलेल्या चिपमध्ये, असतात. भुतं आणि पॅकमॅन हे मात्र हलते आकार, १६ बाय १६ ठिपक्यांचे. ते दुसऱ्या रॉममध्ये. दोन्ही रॉम ४ किलोबाइटच्या, आणि दोन्हींतून निघालेली माहिती पुढे एकाच वाटेने जाते.

म्हणजे भुलभुलैया स्वच्छ दिसतोय तेव्हा ती पुढची सामायिक वाट चांगली आहे. प्रोसेसर चांगला आहे, नाहीतर गेम चालूच झाला नसता. पट्ट्यांचे रंग मूळ रंगच आहेत, म्हणजे रंगांची माहिती ठेवणाऱ्या छोट्या चिप, प्रॉम, याही ठीक. उरल्या दोनच जागा. एक, हलत्या आकारांची रॉम. दुसरी, ज्या छोट्या मेमरीत हे आकार पडद्याच्या एकेका ओळीपुरते आधी मांडले जातात ती, म्हणजे लाइन बफर.

या दोन जागांमधला फरक ओळखायला कोणतंही मीटर लागत नाही. भूत चालू लागलं की पट्ट्याकडे बघायचं. पट्टा भुताच्या अंगावर कायम राहून त्याच्याबरोबर फिरत असेल, तर आकारच चुकीचा वाचला जातोय, दोष रॉमच्या बाजूला. पण भूत पुढे जातं आणि पट्टा पडद्यावर त्याच जागी थांबतो, पुढचं भूत तिथून गेलं की त्यालाही तिथेच चिरतो, असं असेल तर दोष लाइन बफरमध्ये, कारण ती मेमरी पडद्यावरच्या जागेनुसार भरली जाते. त्या तरुणाला मी स्टुलावर बसवून हेच बघायला सांगितलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘काका, पट्टो भुताबरोबर फिरता.’ निदान त्याने केलं, मी नाही.

रॉम काढून प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर वाचली. तिच्यातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज ‘मेम’ या संगणकीय प्रकल्पातल्या नोंदीशी ताडून बघितली. मेम हा १९९७ साली सुरू झालेला प्रकल्प आहे. जुन्या आर्केड बोर्डांतल्या हजारो रॉमच्या नोंदी त्यात आहेत, आणि आमच्यासारख्यांना त्याचा एवढा मोठा आधार दुसरा नाही. बेरीज जुळली, म्हणजे रॉम निर्दोष. मग ती चिप ज्यात बसते ते सॉकेट बघितलं, तर एका पायाच्या पातीवर हिरवा कीट चढलेला. पाय पातीला टेकतच नव्हता, त्यामुळे माहितीची एक तार कायम तुटलेली. गोल पिनांचं नवं सॉकेट बसवलं आणि भुतं पुन्हा अखंड झाली. सामानाचा खर्च म्हणाल तर त्या एका सॉकेटचा.

हा हिरवा कीट आपल्या किनारपट्टीचा मोठा शत्रू आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा दमटपणा यामुळे चिपचे पाय काळे पडतात, सॉकेटच्या पाती गंजतात, बोर्डाच्या कडेची सोनेरी बोटं, म्हणजे कनेक्टरमध्ये जाणाऱ्या पट्ट्या, मळतात. म्हणून कोकणातल्या बोर्डाला हात लावताना चिपवर संशय घेण्याआधी मी सांधे तपासतो. १९८५ नंतरच्या या जुन्या गेमपैकी बहुतेकांना ‘जामा’ पद्धतीचं ५६ बोटांचं एकच कनेक्टर असतं. लाल, हिरवा, निळा यांसाठी त्यात एकेक वेगळं बोट. सगळ्या चित्रातून एखादाच रंग पूर्ण गेला असेल, तर आधी ते बोट खोडरबराने पुसून बघावं. कित्येक ‘मेलेले’ बोर्ड एवढ्यावर उठले आहेत.

पुसून झालं की विजेचा दाब मोजायचा, तोही बोर्डावरच, चिपच्या पायावर. पॉवर सप्लायच्या टोकाला बरोबर ५ व्होल्ट दिसतात आणि गंजलेल्या तारेतून, कनेक्टरमधून बोर्डापर्यंत येईतो त्यांचे साडेचार झालेले असतात. या जुन्या ७४एलएस मालिकेतल्या चिपना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. त्याखाली गेलं की चित्रात कचरा येतो, गेम मधेच पुन्हा सुरू होतो, आणि माणूस उगाच चांगल्या चिप उपटत बसतो. जत्रेत जनरेटरवर चालणाऱ्या स्टॉलवर तर हे हमखास.

दोष मॉनिटरचा की बोर्डाचा, हेही चित्रच सांगतं. सगळं चित्र तिरकं पळत असेल, लोळत असेल, तर सिंकची, म्हणजे चित्र जागेवर धरणारी, तार किंवा मॉनिटर बघावा. चित्र स्थिर आहे पण त्यात चौकोनी कचरा आहे, चुकीची अक्षरं आहेत, तर तो बोर्ड. मॉनिटरच्या आतल्या भागाला मात्र माहिती नसलेल्याने हात लावू नये. पिक्चर ट्यूबवर बंद केल्यानंतरही जीवघेणा दाब राहतो. ही सूचना कृपया गाळू नये.

आणखी एक बोर्ड सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तसा सुंदर दोष क्वचित मिळतो. तोही पॅकमॅनच. त्याच्यावर ‘हाय स्कोअर’ हे इंग्रजी शब्द विचित्र दिसत होते. ‘एच’च्या जागी ‘आय’, ‘आर’च्या जागी ‘एस’. पण ‘एस’, ‘सी’, ‘ओ’, ‘ई’ ही अक्षरं बरोबर. मोकळ्या जागेत सगळीकडे ‘ए’. मी कागदावर अक्षरांचे आकडे मांडले. या बोर्डात ‘एच’चा आकडा ७२, ‘आय’चा ७३. ‘आर’ ८२, ‘एस’ ८३. मोकळी जागा ६४, ‘ए’ ६५. म्हणजे प्रत्येक सम आकडा एकाने वाढून विषम होत होता आणि विषम तसाच राहत होता. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ ने आकडे लिहिण्याच्या पद्धतीत, याचा अर्थ एकच, शेवटची तार कायम १ वर अडकलेली.

पण कुठे अडकलेली? व्हिडिओ मेमरीतच असती, तर चालू होताना हा गेम आपली मेमरी तपासतो तिथेच तो अडला असता. (पॅकमॅन सुरू होताना काही क्षण पडदाभर कचरा दिसतो तो याच तपासणीचा, त्याला घाबरू नये.) शिवाय पॅकमॅन भिंतींना नीट अडत होता. समोर भिंत आहे का हे प्रोग्राम त्याच व्हिडिओ मेमरीतून वाचून ठरवतो. भिंत डोळ्यांना वेडीवाकडी दिसते आणि प्रोग्रामला बरोबर दिसते, म्हणजे आकडा मेमरीत शुद्ध आहे आणि पुढे रॉमकडे जाताना बिघडतो. त्या वाटेवर लॉजिक प्रोब, म्हणजे तार ० वर आहे की १ वर हे दाखवणारी लेखणी, ठेवत गेलो. एका चिपच्या पायाशी आत येणारी तार धडधडत होती आणि बाहेर जाणारी थिजलेली. चिप बदलली, अक्षरं जागेवर आली. कागद, पेन आणि प्रोब, एवढ्यावर हे निदान झालं.

चिप बदलताना मात्र घाई करू नये. जुन्या बोर्डाच्या तांब्याच्या वाटा पातळ असतात, तापवून ओढलं की उखडतात. आधी चिपचे पाय कापायचे, मग एकेक पाय गरम करून काढायचा, भोकं कथील ओढायच्या पंपाने साफ करायची आणि तिथे सॉकेट बसवायचं. चिप गेली तरी बोर्ड वाचतो, पण बोर्ड गेला तर काहीच उरत नाही. संशय आलेल्या चिपवर तशीच चांगली चिप पाय टेकवून बसवून बघण्याची युक्तीही आहे. पण ती फक्त बाहेर माहिती देणारा पाय आतून सुटलेला असेल तेव्हाच उत्तर देते. तो आत शॉर्ट असेल तर फरक दिसत नाही, आणि नवशिके तिथे चिप चांगली समजून पुढे जातात. फुजित्सूच्या त्या काळातल्या ७४एलएस चिप बोर्डावर दिसल्या की मी आधी त्यांच्यावरच प्रोब ठेवतो. त्यांचे बाहेर माहिती देणारे पाय आतून सुटण्याचं प्रमाण फार आहे, हे या धंद्यातला कोणीही सांगेल.

आता ज्यांच्या माळ्यावर असे बोर्ड पडले आहेत त्यांना विनंती. बोर्डावर बॅटरी आहे का ते आजच बघा. निओजिओ या आर्केड यंत्राच्या बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती फुटून गळते आणि आसपासच्या वाटा खाऊन टाकते. गळू लागली असेल तर कापून काढा, जागा पांढऱ्या व्हिनेगरने पुसून नंतर स्वच्छ करा. ‘मुस्तफा’चा अस्सल कॅपकॉम बोर्ड असेल, तर उलट, त्याची बॅटरी परस्पर काढू नका. तिच्यावर काही माहिती जिवंत असते, ती गेली की चित्राचे थर चुकतात. तो बोर्ड जाणकाराला दाखवा. चिपच्या काचेच्या खिडकीवरचे स्टिकर तर कधीच सोलू नका, उजेडातल्या अतिनील किरणांनी आतला प्रोग्राम पुसला जातो. बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत नुसता गुंडाळून ठेवला तर आतली ओल आतच राहते. सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा आणि दर पावसाळ्याआधी पुड्या उन्हात नाही, मंद आचेवर सुकवा.

आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांनाही या पत्रातून विचारतो. आज मुलं पूर्ण बोर्ड बदलायला शिकतात. दोष एका तारेपर्यंत कसा शोधायचा हे शिकवायला या जुन्या बोर्डांइतकं चांगलं साधन नाही. सगळे भाग डोळ्यांना दिसतात, प्रत्येक चिपचा क्रमांक वाचता येतो, आणि दोष काय आहे ते पडद्यावर रंगांत उमटतं. माझ्याकडे असलेले काही बिघडलेले बोर्ड मी कोणत्याही संस्थेला मोफत द्यायला तयार आहे, आणि शिकवायलाही येईन, वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत कुठेही. इच्छुकांनी आपल्या कार्यालयात नाव नोंदवलं तर आपण ते माझ्यापर्यंत पोहोचवावं, एवढी मदत करावी. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून सुरुवात करता येईल.

आपला,
एक जुना रेडिओ-टीव्ही मेकॅनिक
मालवण, जि. सिंधुदुर्ग