आधी चाचणीची भाषा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतील अनेक शाळांत आता समुपदेशक असतात, ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्याबरोबर ‘तुमच्या मुलाला दुसऱ्याचे मन कळत नाही’ हे वाक्यही पालकांच्या कानावर वारंवार पडू लागले आहे. कर्णबधिर मुलांना शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरही असे पालक सल्ल्यासाठी येतात. त्यांच्या हातातील अहवालात मुलाला मिळालेले गुण ठळकपणे लिहिलेले असतात, पण चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि मुलाला नेमके काय विचारले, याची नोंद क्वचितच आढळते. या विषयाचे संशोधन पाहिले असता हीच नोंद सर्वांत महत्त्वाची ठरते, म्हणून हा पत्रप्रपंच.

दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याच्या क्षमतेचा आधुनिक अभ्यास सुरू झाला तो 1978 मध्ये प्रेमॅक आणि वुड्रफ या मानसशास्त्रज्ञांनी चिंपांझीला दुसऱ्याचे मन कळते का, हा प्रश्न विचारला तेव्हा. मुलांसाठीची प्रसिद्ध कसोटी 1983 मध्ये विमर आणि पर्नर यांनी मांडली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो आणि त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. तो परत आल्यावर कोठे शोधेल, असा प्रश्न मुलांना विचारला जातो. तीन वर्षांची मुले बहुधा चॉकलेट सध्या जेथे आहे ती जागा सांगतात, आणि मॅक्सीची समजूत वस्तुस्थितीपेक्षा वेगळी असणार हे साधारण चार ते पाच या वयात त्यांच्या उत्तरांत दिसू लागते. 1985 मध्ये लंडनमधील बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी दोन बाहुल्या, एक टोपली, एक पेटी आणि एक गोटी घेऊन अशाच धर्तीची कसोटी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना दिली. त्या 20 मुलांपैकी 16 जणांना अपेक्षित उत्तर देता आले नाही. ‘स्वमग्न मुलांना दुसऱ्याचे मन कळत नाही’ हा समज येथूनच सर्वदूर पसरला. उरलेल्या 4 मुलांनी अचूक उत्तर दिले होते, ही गोष्ट मात्र मागे पडली.

यानंतरचे संशोधन माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. 1995 मध्ये ऑस्ट्रेलियात पीटरसन आणि सीगल यांनी हीच बाहुल्यांची कसोटी कर्णबधिर मुलांना दिली, तेव्हा त्यांच्यापैकीही बहुसंख्य मुले अनुत्तीर्ण झाली. ही मुले स्वमग्न नव्हती आणि त्यांच्या बुद्धीतही काही उणे नव्हते. पुढच्या अभ्यासांतून असे दिसले की ज्यांचे आईवडील स्वतः कर्णबधिर असून घरात सांकेतिक भाषेत बोलतात, ती मुले ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीने उत्तरे देतात. मागे राहतात ती प्रामुख्याने ऐकू येणाऱ्या कुटुंबांतील मुले, कारण त्यांच्या घरी ‘तिला असे वाटले’, ‘तो विसरला’, ‘आजी उगाच रागावली’ अशा गप्पा मुलाला समजेल अशा भाषेत होतच नाहीत. म्हणजे जी उणीव मुलाच्या मनात आहे असे वाटत होते, ती त्याच्या वाट्याला आलेल्या संभाषणात होती. आमच्या वर्गांत हे आम्हा शिक्षकांना रोज दिसत असे, परंतु ते प्रयोगातून सिद्ध झाल्याने पालकांना ठामपणे सांगता येऊ लागले.

प्रश्न विचारण्याची रीत बदलली की काय होते, हे 2005 मध्ये कॅनडा, भारत, पेरू, थायलंड आणि सामोआ या पाच देशांत केलेल्या अभ्यासात दिसते. तेथे लांबलचक गोष्ट सांगण्याऐवजी वाडग्याखाली वस्तू लपवण्याचा साधा खेळ वापरला होता, आणि पाचही ठिकाणची बहुतेक मुले पाच वर्षांची होईपर्यंत त्यात उत्तीर्ण झाली. मुंबईतल्या ज्या मुलाच्या घरी मराठी, चाळीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलली जाते, त्याला इंग्रजीतील आडवळणाचे वाक्य ऐकवून त्याच्या समजुतीचे माप काढणे मला अन्यायकारक वाटते.

मोठ्यांसाठीच्या चाचण्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. समाजमाध्यमांवर फिरणारी डोळ्यांची चाचणी 2001 च्या सुधारित स्वरूपात 36 छायाचित्रांची आहे. डोळ्यांभोवतीचा भाग पाहून त्या व्यक्तीची मनःस्थिती सांगणारा शब्द दिलेल्या चार शब्दांतून निवडायचा असतो. यात ‘बरोबर’ उत्तर ठरले ते परीक्षकांच्या बहुमताने. छायाचित्रातील व्यक्तीच्या मनात त्या क्षणी खरोखर काय होते, हे तिला विचारलेले नाही. शिवाय चारही शब्दांच्या छटा ठाऊक असल्याशिवाय उत्तर देता येत नाही, त्यामुळे ही चाचणी बऱ्याच अंशी शब्दसंपत्तीचीही परीक्षा घेते.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलेला मुद्दा मला या साऱ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांच्या मते न समजणे हे दोन्ही बाजूंनी असते: स्वमग्न व्यक्तीला इतरांचे वागणे कळत नसेल, तर इतरांनाही तिचे कळत नाही, पण दोष मात्र एकट्या तिच्या माथी येतो. इतरांना ओळखण्याच्या आपल्या कौशल्याबद्दल आपणही फार खात्री बाळगू नये. एयाल, स्टेफेल आणि एपली यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 25 प्रयोगांत, स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून लोकांचे अंदाज अधिक अचूक झाल्याचे आढळले नाही. अचूकता वाढली ती त्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलून तिच्याकडून जाणून घेतल्यावर.

म्हणून शाळांना आणि समुपदेशकांना माझी विनंती आहे की अहवालात चाचणीचे नाव, ती घेतल्याची भाषा आणि मुलाची घरची भाषा या तिन्ही गोष्टी नोंदवाव्यात, मुलाने दिलेले उत्तर त्याच्याच शब्दांत किंवा खुणांत लिहावे, आणि ते तसे का दिले हेही त्याला विचारावे. वाचा व श्रवण दिव्यांगांसाठीची वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मुंबई विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग यांनी मराठीत आणि भारतीय सांकेतिक भाषेत घेता येतील अशा कसोट्यांवर एकत्र काम केले, तर अशा अहवालांना भक्कम आधार मिळेल. तोवर, ज्या पालकांच्या हाती केवळ गुणांचा कागद पडला आहे, त्यांनी मुलाच्या घरच्या भाषेत पुन्हा तपासणी करून मागावी. तसे मागण्यात संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त विशेष शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई