चीनची मोटार भागीदारीच्या टक्क्याने घडली नाही

संपादक महोदय,

विद्युत मोटारींच्या आयातीवरून आपल्या दैनिकात अलीकडे जी वाचकपत्रे प्रसिद्ध झाली, त्यांपैकी अनेकांत एक सूचना हटकून आढळते. चीनने परदेशी कंपन्यांना निम्म्याहून अधिक भागभांडवल न देता संयुक्त प्रकल्पांची सक्ती केली आणि त्यातून तंत्रज्ञान पदरात पाडून घेतले, तेव्हा आपणही आता चिनी कंपन्यांना तीच अट घालावी, असे या पत्रलेखकांचे म्हणणे आहे. अशी अट घालण्यास माझा विरोध नाही. मात्र चीनच्या यशाचे श्रेय त्या अटीला देणे वस्तुस्थितीला धरून नाही, असे मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत हयात घालवलेल्या मला वाटते.

चीनमधील पहिला मोठा संयुक्त प्रकल्प म्हणजे १९८३ साली करार झालेली बीजिंग जीप. त्यात अमेरिकन मोटर्स या अमेरिकी कंपनीचा वाटा जेमतेम ३१ टक्के होता, म्हणजे बहुमत पूर्णपणे चिनी बाजूकडे होते. तरीही चिनी लष्करासाठी नवी जीप विकसित करण्याचा मूळ बेत मागे पडला, अमेरिकेतून पेटाऱ्यांत आलेले चेरोकी या तयार जीपचे भाग जोडणे तेवढे सुरू झाले आणि १९८६ मध्ये परकीय चलनाअभावी तेही अडले. ग्वांगझूमधील प्यूजोचा प्रकल्पही फार काळ तग धरू शकला नाही. १९९७ मध्ये प्यूजोने तेथून काढता पाय घेतला.

शांघायमध्ये मात्र वेगळे घडले. फोक्सवॅगनशी १९८४ मध्ये करार झाला, पण सुरुवातीची काही वर्षे सँटाना मोटारीत टायर, रेडिओ, अँटेना यांसारख्या किरकोळ वस्तूंपलीकडे चिनी असे फारसे काही नव्हते. नंतर शहराच्या प्रशासनाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सँटानावर अधिभार बसवला, त्यातून निधी उभारला आणि तो स्थानिक पुरवठादारांच्या यंत्रसामग्रीत घातला. स्थानिक भाग हवेत, पण जर्मन कसोटीवर उतरणारेच हवेत, असा आग्रह तत्कालीन महापौर झू रोंगजी यांनी धरला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हीच गाडी बहुतांशी चिनी भागांची झाली होती. एखाद्या परदेशी कंपनीने आपला पहिला नमुना तिसऱ्यांदा परत पाठवला की टूलरूममध्ये, म्हणजे साचे व हत्यारे घडवण्याच्या विभागात, काय वातावरण असते, हे पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही व्हेंडरला (पुरवठादाराला) विचारावे. शिकणे तेथे होते. संचालक मंडळात कोणाच्या किती खुर्च्या आहेत, यावर ते अवलंबून नसते.

प्रवासी मोटारींच्या प्रकल्पांत परदेशी वाटा ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये, हे बंधन १९९४ च्या धोरणात पक्के झाले. त्यामुळे सरकारी कंपन्यांना नफ्यातला निम्मा वाटा बसल्या जागी मिळू लागला आणि स्वतःची गाडी घडवण्याची निकड उरली नाही. या संयुक्त प्रकल्पांना अफूची उपमा २०१२ साली दिली ती कोणा परदेशी टीकाकाराने नव्हे, तर चीनचेच माजी यंत्रोद्योगमंत्री ह ग्वांगयुआन यांनी. आज जगभर ज्यांचा दबदबा आहे त्या गीली, बीवायडी आणि चेरी या कंपन्या या बड्या भागीदाऱ्यांच्या बाहेर वाढल्या. त्यांना संयुक्त प्रकल्पांचा फायदा झालाच नाही असे नाही. तयार पुरवठादार आणि कसलेली माणसे त्यांना आयती मिळाली. चेरीचे प्रमुख यिन तोंगयाओ हे चांगचुनच्या फोक्सवॅगन प्रकल्पात तयार झालेले अभियंते आहेत.

विद्युत वाहनांसाठी ५० टक्क्यांचे हे बंधन चीनने २०१८ मध्ये आणि प्रवासी मोटारींसाठी २०२२ मध्ये उठवले. टेस्लाने शांघायमध्ये संपूर्ण स्वमालकीचा कारखाना काढला. बीएमडब्ल्यूने शेनयांगच्या प्रकल्पातील आपला वाटा ७५ टक्क्यांवर नेला. दुसरीकडे, २०२३ मध्ये फोक्सवॅगननेच शाओपेंग या तरुण चिनी कंपनीत सुमारे पाच टक्के भाग घेऊन तिच्या मदतीने गाड्या विकसित करण्याचे ठरवले. चाळीस वर्षांत शिष्य आणि गुरू यांनी जागा बदलल्या!

आपल्याकडे तळेगावचा अनुभव ताजा आहे. जनरल मोटर्सचा तेथील कारखाना ग्रेट वॉल ही चिनी कंपनी घेणार होती. एप्रिल २०२० मध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली, दोन वर्षे मंजुरीची वाट पाहण्यात गेली, व्यवहार बारगळला आणि पुढे कारखाना ह्युंदाईकडे गेला. सीमेवरील तणाव पाहता ती सावधगिरी समजण्यासारखी होती. परंतु त्या सगळ्या चर्चेत बॅटरीचे सेल, विद्युत मोटर आणि तिचे नियंत्रण करणारा कंट्रोलर कोण, कोठे आणि कोणाच्या आराखड्यावरून बनवणार, हा प्रश्न मला क्वचितच ऐकू आला.

यापुढे अशा प्रस्तावांना मंजुरी देताना भागभांडवलाच्या टक्क्याबरोबरच येथे बनवायच्या भागांची यादी आणि प्रत्येक भागाची मुदत मंजुरीपत्रात नमूद करावी आणि ती जाहीर करावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत केंद्र व राज्य सरकारला करतो.

आपला,
एक निवृत्त अभियंता, चिंचवड