लंडन–हॅम्बुर्ग रविवार

महोदय,

जुन्या नभोवाणीवरच्या आपल्या लेखात बीबीसीच्या लाइट प्रोग्रामवरचा (ब्रिटिश रेडिओच्या हलक्याफुलक्या कार्यक्रमांच्या वाहिनीवरचा) रविवार राहून गेला, याची चुटपुट लागली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या काळात दुपारी बाराला ‘फॅमिली फेव्हरिट्स’ हा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागे. जर्मनीत तैनात ब्रिटिश सैनिक आणि त्यांचे घरचे एकमेकांसाठी गाणी मागत. लंडनहून निवेदिका जीन मेटकाफ बोलायच्या, हॅम्बुर्गहून निवेदक क्लिफ मिशेलमोर. आधी फक्त आवाजाची ओळख. १९५० मध्ये दोघांनी लग्न केलं! इकडे ब्रिटनमधल्या घरी ओव्हनमध्ये रविवारचं मांस भाजत असे, तिकडे रेडिओवर सैनिक मुलाचं नाव पुकारलं जाई. नंतर बँडप्रमुख बिली कॉटनची ‘वेकी-वेकी’ (उठा, उठा!) आरोळी, मग विनोदी मालिका. पण माझं मन अडकतं ते त्या नावांच्या यादीतच. शक्य असल्यास त्यावर स्वतंत्र लेख द्यावा.

– एक वाचक, पुणे