पाहुण्याच्या चौकशीला नीट उत्तर मिळू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातील पर्यटनाविषयी आपल्या वृत्तपत्रातून रस्ते, विमानसेवा, सफारीचे शुल्क आणि वाघांची संख्या यांची चर्चा सातत्याने होत असते आणि ती व्हायलाच हवी. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्यामुळे मुंबई, ठाणे आणि नाशिकची कुटुंबे स्वतःची गाडी घेऊन नागपूरपर्यंत येण्याचा विचार आता सहज करू लागली आहेत. मात्र ती घरून निघण्यापूर्वी आपल्याला काय विचारतात आणि येथून त्यांना काय उत्तर मिळते, याकडे आपले पुरेसे लक्ष नाही. नागपूरच्या धंतोलीत निवासव्यवस्थेचा व्यवसाय अनेक वर्षे करीत असल्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पुण्याहून रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर एक चौकशी येते. चार मोठी माणसे, दोन लहान मुले, आजींना गुडघ्याचा त्रास असल्याने तळमजल्यावरची खोली हवी, मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी ताडोब्याच्या जंगलातली सकाळची सफारीची फेरी आहे, तर नागपूरहून किती वाजता निघावे आणि न्याहारी बांधून मिळेल का? या सगळ्या प्रश्नांना आपल्याकडील बहुसंख्य लॉजमधून दुसऱ्या दिवशी दुपारी जे उत्तर जाते, त्यात फक्त खोलीचा दर असतो. आजींच्या गुडघ्याविषयी एक अक्षर नसते. पाहुणा तोवर दुसरीकडे नोंदणी करून मोकळा झालेला असतो आणि आपण मात्र यंदा हंगाम थंड आहे असे म्हणत बसतो.

या चौकशीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपणच एक उलट प्रश्न विचारायला हवा : परवाना कोणत्या प्रवेशद्वाराचा आहे? ताडोब्याचा परवाना प्रवेशद्वारानुसार मिळतो. कोलाऱ्याला नागपूरहून उमरेड-चिमूरच्या बाजूने जावे लागते, तर मोहर्लीला चंद्रपूरच्या बाजूने. मोबाइलच्या नकाशावर नुसते ‘ताडोबा’ टाकून निघालेला माणूस पहाटे भलत्याच प्रवेशद्वारावर पोहोचला, तर त्याची फेरी बुडते. त्या फेरीसाठी त्याने कित्येक आठवडे आधी नोंदणी केलेली असते आणि मुलांनी शाळेतून रजा घेतलेली असते. गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असते, ही साधी गोष्टसुद्धा अनेकांना नागपुरात उतरल्यावर कळते. दोन ओळींच्या संदेशाने टळणारे हे मनस्ताप आहेत आणि तो संदेश पाठवणे हे सफारी विकणाऱ्याइतकेच मुक्काम देणाऱ्याचेही काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर वेळेवर का जात नाही, याचे कारण बहुतेक ठिकाणी एकच आहे. व्यवसायाचा क्रमांक म्हणून मालकाचा खासगी मोबाइल दिलेला असतो आणि तो मालकाच्या खिशात असतो. मालक लग्नाला गेले की चौकशीही लग्नाला जाते. व्हॉट्सॲपने व्यावसायिकांसाठीचे वेगळे ॲप जानेवारी २०१८ मध्येच आणले. ते विनामूल्य आहे, त्यात कामाच्या वेळा टाकता येतात, वेळेबाहेर आलेल्या संदेशाला आपोआप पोच जाते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे साठवून ठेवता येतात, खोल्यांची छायाचित्रे दरासह मांडता येतात आणि एकच क्रमांक मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणांना जोडता येतो. म्हणजे स्वागतकक्षातल्या संगणकावर बसलेला माणूसही त्याच क्रमांकावरून उत्तर देऊ शकतो. मालकांनी विश्वासाने हे काम एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवणे, एवढेच राहते. यंत्राने पाठवलेली पोच ही तात्पुरती सोय आहे. ‘आपला संदेश मिळाला, धन्यवाद’ एवढ्यावर आजींची खोली ठरत नाही.

प्रवेशद्वारांजवळच्या गावांची अडचण निराळी आहे आणि तिची मला अधिक काळजी वाटते. मोहर्ली, कोलारा, पेंचकडील सिल्लारी आणि खुर्सापार, उमरेड-कऱ्हांडलाचे गोठणगाव, या परिसरात घरगुती निवासाची उत्तम सोय होऊ शकते. घर स्वच्छ असते, चुलीवरचा स्वयंपाक असतो, यजमानीण बाई आग्रहाने वाढतात. पण फोन असतो मुलाकडे, तो मुलगा दिवसभर सफारीच्या जिप्सी गाडीवर किंवा शेतात, आणि गाभा क्षेत्रात मोबाइलला बंदी. पाहुण्याची चौकशी सकाळी येते आणि संध्याकाळपर्यंत अनुत्तरित राहते. यजमानीण बाईंच्या हातात स्वतःचा फोन आणि मराठीतून बोलून संदेश लिहिण्याची सवय आली, तर हा व्यवहार त्या स्वतः पाहू शकतील. मराठीत बोललेले टंकलिखित करून देण्याची सोय आज साध्या स्मार्टफोनमध्येही आहे. ती समोर बसून दाखवणारे माणूस मात्र गावात पोहोचत नाही.

शहरातल्या हॉटेलांनी या कटकटीवर उपाय म्हणून सगळा पत्रव्यवहार नोंदणी-संकेतस्थळांच्या हवाली केला आहे. त्या संकेतस्थळांचा उपयोग मी नाकारत नाही. केरळ किंवा जर्मनीच्या प्रवाशाला धंतोलीतली दहा खोल्यांची जागा एरवी कशी सापडली असती? पण कमिशन जाते त्याहून मोठी गोष्ट हातातून जाते. पाहुण्याचा खरा ई-मेल पत्ता अनेकदा आपल्यापर्यंत येतच नाही, त्याच्याशी होणारे बोलणे मध्यस्थाच्या खिडकीतून होते आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, तर पुन्हा मध्यस्थामार्फतच येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या क्षेत्रातील बड्या कंपन्यांना मिळून सुमारे ३९२ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्या आदेशात, हॉटेलने आपली खोली अन्यत्र कमी दराने देऊ नये असे बंधन घालणाऱ्या अटी बदलण्याचे निर्देशही होते. छोट्या व्यावसायिकांपैकी किती जणांनी त्यानंतर आपला करार काढून पुन्हा वाचला?

एकाच वेळी तीन-चार संकेतस्थळांवर खोल्या ठेवणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घेणे आवश्यक आहे. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले किंवा जामठ्याला क्रिकेटचा सामना ठरला की शहरात खोली मिळणे कठीण होते आणि नेमक्या त्याच दिवसांत एकच खोली दोघांच्या नावावर चढते. सर्व संकेतस्थळांवरची उपलब्धता एका ठिकाणाहून अद्ययावत करणारी प्रणाली मिळते, तिचा मासिक खर्च परवडत नसेल तर रोज ठरलेल्या दोन वेळी हाताने आकडे जुळवावेत. मध्यरात्री मुलाबाळांसह दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला ‘सिस्टीममध्ये चूक झाली’ असे सांगणे अत्यंत क्लेशदायक असते.

आता फसवणुकीविषयी. सीताबर्डीतील माझ्या परिचयाच्या एका व्यावसायिकाच्या बाबतीत असे घडले की, इंटरनेटवरच्या नकाशात त्यांच्या लॉजच्या नावापुढचा दूरध्वनी क्रमांक कोणीतरी बदलला. नाव त्यांचे, छायाचित्रे त्यांची, पत्ता त्यांचा, फक्त क्रमांक परक्याचा. चौकशी करणाऱ्यांना पलीकडून गोड बोलून आगाऊ रक्कम भरायला सांगितली जात होती. पावती घेऊन एक कुटुंब प्रत्यक्ष दारात आले, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. नकाशावरील माहितीत दुरुस्ती सुचवण्याची सोय सर्वांना खुली असते आणि ज्या जागेची मालकी कोणी पडताळून घेतलेली नसते, तिच्याबाबत असा बदल वेळीच लक्षात येत नाही. आपल्या शहरात अशा विनामालक नोंदी असंख्य असाव्यात असे मला वाटते. नोंद स्वतःच्या नावावर पडताळून घेणे विनामूल्य आहे. त्यानंतरही दर सोमवारी आपलेच नाव नकाशावर शोधून क्रमांक तपासण्याची शिस्त ठेवावी.

नोंदणी-संकेतस्थळावरील हॉटेलचे खाते ताब्यात घेऊन, त्याच खात्यातून पाहुण्यांना कार्डाचे तपशील मागणारे संदेश पाठवण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. पाहुण्याला तो संदेश खरा वाटतो, कारण तो खऱ्या खात्यातूनच आलेला असतो. म्हणून सांकेतिक शब्दासोबत दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू ठेवणे आणि स्वागतकक्षातला कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी सांकेतिक शब्द बदलणे अनिवार्य मानावे. प्रवाशांनीही यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर दिसणारे नाव वाचावे आणि परतावा ‘स्वीकारण्यासाठी’ कोणी पिन टाकायला सांगत असेल, तर तेथेच व्यवहार थांबवावा, कारण पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

आणखी एका प्रथेबद्दल स्पष्ट लिहितो. खोली निश्चित करताना सर्वांच्या आधार कार्डांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर मागवली जातात आणि ती कोणाच्या तरी वैयक्तिक मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात. पाहुण्यांची ओळख पटवून नोंद ठेवणे आपले कर्तव्य आहे. परदेशी पाहुण्याची माहिती तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. परंतु आगाऊ चौकशीच्या टप्प्यावर एखाद्याच्या पत्नीचे, मुलीचे ओळखपत्र अनोळखी फोनवर का जावे? फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे आधार उपलब्ध आहे, ते स्वीकारावे, मूळ कार्ड आगमनाच्या वेळी पाहावे आणि आलेली छायाचित्रे काम झाल्यावर पुसावीत. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. आपला व्यवसाय लहान आहे म्हणून पाहुण्याची माहिती कशीही हाताळावी, असे कोणी समजू नये.

भाषेच्या बाबतीतही आपण उदासीन आहोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या भूमीवर धम्मदीक्षा दिली, तेथे धम्मचक्र प्रवर्तन दिनी लाखो अनुयायी येतात. त्यांत मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या खेड्यांतून येणारी वयोवृद्ध माणसे मोठ्या संख्येने असतात. स्थानकावरून दीक्षाभूमीला कसे जावे, मुक्काम कोठे मिळेल, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला जायला काय वाहन आहे, हे त्यांना मराठीत, मोठ्या अक्षरात, फोनवर सहज उघडेल अशा एका पानावर का मिळू नये? शहरातल्या बहुतेक हॉटेलांची संकेतस्थळे पूर्ण इंग्रजीत आहेत आणि त्यांच्यावरची उत्तरेही इंग्रजीत. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर मिळणे हा किमान शिष्टाचार आहे.

संपर्क साधने कितीही आली, तरी जंगलाच्या वाटेवर अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, हे लक्षात ठेवून काम करावे लागेल. प्रवेशद्वाराचे नाव, मार्ग, पोहोचण्याची वेळ, बरोबर ठेवायची ओळखपत्रे आणि आपला दूरध्वनी क्रमांक हे सर्व आदल्या संध्याकाळी एकाच चित्रात पाहुण्याच्या फोनमध्ये पोहोचले पाहिजे, म्हणजे इंटरनेट नसतानाही ते उघडेल. आमच्याकडे त्याची छापील प्रतही पाहुण्याच्या हातात देतात आणि वाहनचालकाला ती सर्वांत उपयोगी पडते.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, वनविभाग, जिल्हा प्रशासन आणि हॉटेल व्यावसायिकांच्या संघटना यांना या पत्राद्वारे माझी विनंती आहे की, जुलै ते सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते आणि गावातल्या लोकांना सवड असते, तेव्हा प्रशिक्षणाचे वर्ग प्रवेशद्वारांच्या गावांतच घ्यावेत. नागपुरातल्या वातानुकूलित सभागृहात घेतलेल्या वर्गाला गोठणगावची बाई येऊ शकणार नाही. व्याख्यान नको, प्रत्येकीच्या फोनवर नकाशाची नोंद पडताळून द्यावी, व्यावसायिक व्हॉट्सॲप सुरू करून द्यावे, पाच-सहा नेहमीची उत्तरे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत भरून द्यावीत आणि १ ऑक्टोबरला हंगाम उघडल्यावर महिन्याभराने पुन्हा जाऊन अडचणी विचाराव्यात. वनविभागाने मान्यताप्राप्त निवासांची पडताळलेली यादी क्रमांकांसह आपल्या अधिकृत संकेतस्थळावर ठळकपणे द्यावी, म्हणजे पुण्याच्या कुटुंबाला योग्य क्रमांक शोधण्यासाठी जाहिरातींच्या गर्दीत शिरावे लागणार नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी या वर्गांचे वेळापत्रक जाहीर झाले, तर शिकवण्यासाठी वेळ देण्यास माझ्यासारखे शहरातील काही व्यावसायिक तयार आहेत.

आपला नम्र,
एक निवास-व्यावसायिक
धंतोली, नागपूर