गंज नव्हे, माती आणि शेण

संपादक महोदय,

‘गंजका खिळा लागला, टीटी (धनुर्वाताची लस) घ्या’ यातला सल्ला बरोबर, पण गंज हे कारण चुकीचे. धनुर्वाताचा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम टेटनी, मातीत आणि गुरांच्या शेणात बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त पेशींच्या, रूपात पडून असतो. काही मिनिटांच्या उकळीलाही ते दाद देत नाहीत. या जिवाणूला प्राणवायू सोसत नाही, म्हणून खोल, अरुंद तोंडाची जखम मानवते. बाभळीचा काटाही पुरतो. वर हळद किंवा शेण थापून पट्टी आवळली की त्याची सोयच होते. वाहत्या पाण्याने, साबणाने जखम धुणे आणि आतली घाण काढणे हे पहिले काम.

घात करते ते जिवाणूचे विष, एक प्रथिन. त्याच्या दोन साखळ्या: एक जड, एक हलकी, मध्ये गंधकाचा बंध. जड साखळी चेतातंतूचे टोक पकडते आणि विष तंतूतून मज्जारज्जूपर्यंत चढते. तिथे स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींत हलकी साखळी सिनॅप्टोब्रेव्हिन हे संदेश सोडायला लागणारे प्रथिन कापते. आवर सुटतो, दातखीळ बसते, पाठ धनुष्यासारखी वाकते. 

टीटी हा विषावरचा उतारा नव्हे. फॉर्मलिनने निर्विष केलेले तेच प्रथिन त्यात असते. पूर्वी तीन डोस झालेल्यांची प्रतिकारशक्ती ते पुन्हा जागी करते. कधीच लस न घेतलेल्याला घाणेरडी जखम झाली तर नुसते टीटी अपुरे. सोबत शरीरावर दुसऱ्या जागी 250 युनिट इम्युनोग्लोब्युलिन (विष निकामी करणारी तयार प्रतिपिंडे) हवे, आणि तेही लवकर, कारण चेतातंतूत शिरलेल्या विषापर्यंत प्रतिपिंडे पोहोचत नाहीत. कधीच लस न घेतलेले लोक बहुधा वयस्क पुरुष असतात. बायकांना निदान गरोदरपणी टीटी मिळालेले असते. आजार होऊन बरे झालेल्यांनाही लस लागतेच, इतके थोडे विष शरीरात आलेले असते.

उलट डोस पूर्ण असलेल्याला दर खरचटण्याला सुई नको. शेवटच्या डोसाला स्वच्छ, किरकोळ जखमेत 10 आणि मातीशेणाच्या जखमेत 5 वर्षे उलटली असतील तरच घ्यावी. ‘24 तास उलटले, आता उपयोग नाही’ हेही खरे नाही. लक्षणे साधारण 3 ते 21 दिवसांत दिसतात, उशिरा आलेल्यालाही लस द्यावी.

आता टीटीच्या जागी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींची लस, मिळते. दवाखान्यांनी सुई टोचण्याआधी ‘मागचा डोस कधी?’ एवढे विचारून तारीख कार्डावर लिहून द्यावी, ही विनंती.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अध्यापक